रुळाचे तीन टोले

मामलेदारापासून मुन्सफापर्यंत पुष्कळ अधिकाऱ्यांसमोर मी उभा राहिलो आहे आणि त्यांपैकी कोणासमोर माझा कंठ कोरडा पडल्याचे मला स्मरत नाही. परंतु आज वयाची पन्नाशी जवळ आली असता, रस्त्यातून जाताना एखाद्या तेलाच्या घाण्याचे वा गिरणीचे चामडी पट्टे फिरताना दिसले, की मी दुसऱ्या बाजूने जातो. बरोबर कोणी असल्यास, तिकडे चिखल आहे, असे सांगतो. या भीतीचे कारण मी आजवर कोणास सांगितलेले नाही, ते येथे लिहून ठेवतो.

त्या काळी मी कल्याणास अर्जनवीस होतो. मराठी चार इयत्ता झाल्यावर वडील वारल्याने शाळा सुटली. तथापि अक्षर मोत्यासारखे आणि कायद्याची भाषा कानावरून गेलेली, एवढ्या भांडवलावर मी मामलेदार कचेरीच्या समोरील चिंचेखाली बैठक मांडली होती. आसपासच्या गावांतील माणसे 'चिंचेखालचे अर्जनवीस' असे विचारीत येत. अर्ज लिहिणे म्हणजे जे घडले ते उतरून काढणे, असा अडाणी लोकांचा समज असतो. माझे मत निराळे होते. अर्ज मोठ्या माणसाच्या हाती जावयाचा, म्हणून त्याच्या मनाची दारे ज्या क्रमाने उघडतील त्या क्रमाने तो लिहिला पाहिजे. प्रथम मेहेरबानांची थोरवी, मग अर्जदाराचे दारिद्र्य, मग अर्जदाराने आपल्याकडे घेतलेला दोष, आणि सर्वांत शेवटी मागणे. दोष स्वतःकडे घेतल्यावाचून दया येत नाही, हा आमच्या धंद्यातील पहिला पाठ. मी तो बारा वर्षे पाळला होता आणि माझ्या हातचा अर्ज सहसा फुकट जात नसे.

कल्याणहून शहाडाकडे जाताना नदीच्या अंगाला तेव्हा भात सडण्याची एक गिरणी वाफेवर चालू झाली होती. गिरणी कोणाची, हे सांगण्याचे कारण नाही. सुगीनंतर तेथे शंभरावर माणसे राबत. इंजिन दगडी भिंतीच्या पलीकडे वेगळ्या खोलीत असे. भिंतीला पाडलेल्या भोकातून एक जाड लोखंडी आस अलीकडे येई, तिच्यावर चाके, आणि त्या चाकांवरून चामड्याचे रुंद पट्टे खाली भात सडण्याच्या यंत्रांवर उतरत. इंजिनवाल्याला अलीकडचे काही दिसत नसे. म्हणून त्याच्या खोलीच्या दाराशी रेल्वेच्या जुन्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता. बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याआधी त्यावर हातोड्याचे तीन टोले द्यावयाचे, म्हणजे अलीकडची माणसे बाजूस होतील, असा नियम होता.

पण सकाळी कामावर येण्याचा, दुपारच्या भाकरीचा आणि संध्याकाळी सुटीचा टोलाही त्याच रुळावर पडे. त्यामुळे वाफ कमी झाली म्हणून इंजिन थांबले आणि पुन्हा सुरू करताना टोले पडले, की माणसे भाकरीची वेळ झाली समजून नदीकाठच्या आंब्याखाली जाऊन बसत. त्यांना हाकून परत आणण्यात वेळ जाई. तेव्हा मुनिमाने हुकूम काढला की दिवसातून तीनच वेळा टोला पडेल, मध्ये मुळीच पडणार नाही. हे सर्व मला मागाहून कळले.

एके सकाळी शहाडचा एक माणूस बायकोसह चिंचेखाली आला. पूर्वी दुसऱ्याच्या शेतात राबणारा आणि अलीकडे गिरणीत लागलेला, अंगाने दांडगा. परंतु उजवा हात कोपराखाली नव्हता. त्या जागी लुगड्याच्या फडक्याचे बोचके होते आणि ते तो डाव्या हाताने तान्ह्या मुलासारखे धरून बसला होता. मी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि नंतर कागदाकडेच पाहत राहिलो.

सांगण्याचे काम बायकोने केले. पट्ट्याच्या खालच्या चाकाशी तूस साचतो, तो साचला की पट्टा घसरतो, आणि घसरला की मुनीम शिव्या देतो. चालू यंत्रात हात घालता येत नाही, म्हणून वाफ कमी होऊन इंजिन थांबले, की तेवढ्या वेळात तूस ओढून काढावयाचा, अशी तेथील रीत. नवरा तसाच वाकला असता इंजिन सुरू झाले.

"टोला दिलाच नाय, दादा," ती म्हणाली. "मी भाकर घेऊन दारान उभी व्हते. मना ठाव हाय. टोला नाय, हाक नाय, येकदम पट्टा हालला."

नवरा तेवढ्यात पहिल्यांदा बोलला. "मना वाटलं कोनी मागनं वढतंय. मी बोललो, अरे सोड ना! बघतो तं कोनी नाय."

आणि तो थोडासा हसला. 

त्यांचे मागणे साधे होते. गिरणीच्या जागेत त्यांची झोपडी होती. गिरणीत घरचे कोणी कामाला नसेल, तर जागा सोडावी लागणार. म्हणून नवऱ्याच्या जागी बायकोला घ्यावे, असा अर्ज शेठजींना करावयाचा. मी बोरू घेतला आणि माझ्या नित्याच्या क्रमाने लिहीत गेलो. तिसऱ्या ठिकाणी मी लिहिले की, 'अर्जदाराने यंत्र चालू असता, बंद करण्यास न सांगता, आपल्याच उतावीळपणाने हात घातला. यात कारखान्याकडे काडीमात्र दोष नाही. सबब अर्जदार पदर पसरून विनवितो की…'

रिवाजाप्रमाणे मी अर्ज वाचून दाखविला. बायको मध्येच म्हणाली, "आसं नाय झालं, दादा. यंत्र बंद व्हतं."

"बाई," मी म्हणालो, "घडले काय हे तुला ठाऊक आहे, मिळवावे कसे हे मला ठाऊक आहे. शेठजीला 'तुमची चूक झाली' असे सांगून कोणी चाकरी मागते काय?"

"पन ते खोटं हाय ना."

"अगं, अर्ज म्हणजे देवळातील शपथ नव्हे. जागा हवी आहे की खरेपणा हवा आहे?"

ती नवऱ्याकडे पाहू लागली. नवरा म्हणाला, "लिवलंय तं लिवलंय. आता हात काय परत येतो?"

लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढतो आणि बाई कांकण काढते, ही जुनी चाल. त्याने डाव्या हातात बोरू धरला. तीन वेळा तो हातून निसटला. शेवटी जो नांगर उमटला, तो उलटून पडलेल्या मेलेल्या किड्यासारखा दिसत होता. बाजूस मी माझ्या वळणदार अक्षरात 'निशाणी नांगर, दस्तुर खुद्द' असे लिहिले.

अर्ज मंजूर झाला. आठ दिवसांनी ती बाई मूठभर सुका जवळा पानात बांधून माझ्यापुढे ठेवून गेली. त्या दिवशी चिंचेखाली बसलेल्या चार माणसांस मी तो अर्ज तोंडपाठ म्हणून दाखविला, हेही मी लपवीत नाही.

पुढे महिन्याभराने गिरणीच्या मुनिमाने काही कागद लिहून घेण्यासाठी मला बोलावले. हा मुनीम गोड बोलणारा आणि हिशेबी माणूस होता. कचेरीतील वरिष्ठ कारकुनाशी त्याचा घरोबा होता आणि माझी चिंचेखालची बैठक त्या कारकुनाच्या मर्जीवर होती. मी प्रथमच गिरणीत पाऊल टाकले. बाहेरून ऐकलेली धडधड वेगळी आणि आतील वेगळी. आत ती कानाने ऐकू येत नाही, छातीत होते. तुसाच्या धुरळ्यातून चार पट्टे वरून खाली धावत होते. पट्ट्याला जेथे सांधा असतो, तेथे तो चाकावरून जाताना 'फट्' असा आवाज करी आणि प्रत्येक फट्‌सरशी माझे खांदे वर जात. चाकापासून माणसाच्या उभे राहण्याच्या जागेपर्यंत दोन वितींचे अंतर असेल. मध्ये दोरीसुद्धा नव्हती.

आणि त्या दोन वितींच्या पलीकडे ती बाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला, केस फडक्यात घट्ट बांधलेले, हातात लाकडी दाताळे. मला पाहून ती ओरडली, "काय दादा, आमच्या गिरणीन? उपरणं सांभाला हां! ह्याला कापड लय आवडतं!"

बाकीच्या बायका हसल्या. मी उपरणे काढून काखेत घेतले. तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट लख्ख उभी राहिली: मी मिळवून दिलेली जागा ती हीच. जेथे नवऱ्याचा हात गेला तेथेच मी त्याच्या बायकोला आणून उभे केले होते.

मुनिमाच्या खोलीत बसल्यावर मी सहज विचारल्यासारखे विचारले, "त्या पट्ट्यापुढे एखादा लाकडी कठडा घातल्यास बरे नाही का पडणार?"

मुनीम हसला. त्याने पेटी उघडून रुमालात बांधलेला एक कागद काढला. माझेच अक्षर.

"अर्जनवीसबुवा, कठड्याचे म्हणाल, तर आमचे शेठ तयारच झाले होते. ठाण्याहून कारखाने तपासणारा साहेब येणार अशी बातमी आहे. हात कसा तुटला, असे तो विचारणार. पण तुम्हीच आम्हास सोडविलेत. 'कारखान्याकडे काडीमात्र दोष नाही.' वाहवा! असे वाक्य आमच्या वकिलाला सुचले नसते."

मी म्हणालो, "अहो, ती तर अर्जाची रीत आहे."

"रीत असो की काही असो, खाली नांगर आहे आणि बाजूस तुमचा हात आहे. साहेब आला की तुम्हीच येऊन वाचून दाखवा. सरकारी कागदासारखे वाचता तुम्ही."

त्या दिवसापासून माझे कान माझे राहिले नाहीत. वारा शहाडाकडून असला, की रुळाचा टोला कल्याणच्या वेशीपर्यंत ऐकू येई. सकाळचा टोला, दुपारचा टोला, संध्याकाळचा टोला. पूर्वी मी त्यांवर घड्याळ लावीत असे. आता टोला पडला, की एवढा वेळ तरी ती धड आहे असे मनात येई, आणि पुढच्या टोल्यापर्यंतचा वेळ माझ्या अंगावर चालून येई. लिहिता लिहिता बोरू थांबे. वाटेने कोणी धावत आले, की शहाडचाच निरोप असे वाटे. एकदा एक कोळीण पाटी घेऊन घाईने माझ्याकडे वळली, तेव्हा मी दौत सांडली. तिला फक्त बाजाराची वाट विचारावयाची होती.

जाऊन खरे सांगावे, असे अनेकदा मनात आले. परंतु सांगावयाचे कोणाला? मी खोटे लिहिले, असे लेखी कबूल करणारा अर्जनवीस पुन्हा चिंचेखाली बसू शकत नाही. शिवाय खोटा दस्तऐवज करणे याला कायद्यात शिक्षा आहे, एवढे मला चार इयत्तांवरही ठाऊक होते. घरी मी जेवत नाही असे पाहून कुटुंबाने विचारले, "कोणी मूठ मारली की काय तुम्हांला?" मी म्हणालो, पित्त झाले आहे.

साहेब आला तो भाकरीच्या टोल्यानंतर तासाभराने. मला निरोप आधीच आला होता. धुतलेले धोतर, काळा कोट आणि डोक्यास पगडी घालून मी गेलो, पण वाटेत दोन वेळा थांबून मला श्वास घ्यावा लागला. साहेब उंच, घामाघूम, मराठी तोडकी पण समजण्याजोगी बोलणारा होता. हात कोठे तुटला ती जागा पाहावयाची, असे त्याने म्हटल्यामुळे मुनीम आम्हास थेट त्या पट्ट्यापाशी घेऊन गेला. धडधडीत माझा आवाज ऐकू जाईना. तेव्हा मुनिमाने माणूस पाठवून इंजिन थांबविले. पट्टे हळूहळू मंद होत थांबले आणि एकदम इतकी शांतता झाली, की बाहेर नदीकाठी कोणी धुणे आपटत होते तेही ऐकू आले.

"वाचा," साहेब म्हणाला.

मी अर्ज उघडला. मेहेरबानांची थोरवी वाचली. दारिद्र्य वाचले. कागद मी दोन्ही हातांनी धरला होता. तिसऱ्या ठिकाणी, दोषाच्या वाक्याशी आलो आणि, का कोण जाणे, कागदावरून डोळे वर केले.

इंजिन थांबलेले पाहून ती बाई आपल्या रीतीप्रमाणे कामाला लागली होती. साहेब, मुनीम, मी, आमच्याकडे तिचे लक्षही नव्हते. दाताळ्याने निघेना म्हणून तिने एका हाताने दाताळे चाकात अडकवून ठेवले होते आणि दुसरा हात खांद्यापर्यंत पट्ट्याखाली घालून ती तूस ओढीत होती. तिचा गाल पट्ट्याला जवळजवळ टेकला होता. मी वाचीत होतो, 'यंत्र चालू असता, बंद करण्यास न सांगता'. इतक्यात भिंतीपलीकडून सुस्काऱ्यासारखा आवाज आला. वाफेचा. इंजिनवाल्याला कोणी सांगितले होते थांबव, परंतु किती वेळ, हे सांगितले नव्हते. पट्टा जरासा थरथरला, झोपलेल्या जनावराची कातडी माशी बसल्यावर थरथरते तसा.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. पाहणारे सांगतात, की मी 'हात! हात! हात!' एवढेच ओरडत होतो. मी तिच्याकडे धावलो नाही, हेही सांगितले पाहिजे.  पण ती तशीच मागे कोसळली, दोन्ही हातांसकट, आणि त्याच क्षणी दाताळे पट्ट्यात गेले. कडकड आवाज झाला. दाताळ्याचा एक तुकडा माझ्या पगडीवरून भिंतीवर आदळला. पट्टे पुन्हा धावू लागले होते. फट्, फट्, फट्.

मुनीम इंजिनवाल्याला शिव्या देत पळाला. इंजिन पुन्हा थांबले. बाई तुसात बसून आपला उजवा हात डाव्या हाताने बोटांपासून खांद्यापर्यंत चाचपून पाहत होती, जणू तो दुसऱ्याचा आहे. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "टोला दिला काय? तुमीच सांगा. दिला?"

साहेबाने मुनिमाला तेच विचारले. मुनीम म्हणाला, मध्ये टोला दिल्यास माणसे जेवायला जातात. साहेबाने ते वहीत लिहिले. मग त्याने माझ्या हातातील कागदाकडे बोट केले.

"हे वाक्य त्या माणसाने सांगितले?"

 मुनीम माझ्याकडे पाहत होता. चिंच, बैठक, कचेरी, बेडी, सर्व डोळ्यांपुढून गेले. पण पट्ट्याची भीती त्या सर्वांहून मोठी होती, हेच खरे. शौर्याने नव्हे. तो पट्टा पुन्हा असा हलताना मला पाहावयाचा नव्हता, म्हणून मी बोललो.

"नाही साहेब. त्याच्या बायकोने उलटे सांगितले होते. हे वाक्य माझे."

"मग का लिहिले?"

"अर्जात असेच लिहितात, साहेब."

त्याने तेही वहीत लिहिले आणि माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि ते मला अधिक लागले.

बेडी पडली नाही. पण आठ दिवसांत कचेरीतून तोंडी हुकूम आला, की चिंचेखालील जागा सरकारी कामास हवी आहे. ठाण्यास टेंभी नाक्याजवळ एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर बसण्याची सोय मी पाहिली. गिरणीत साहेबाच्या लेखी हुकुमाने पट्ट्यांपुढे सागाचे कठडे आले. भाकरीसाठी पितळी घंटा आली आणि रूळ केवळ इंजिनासाठी राहिला.

कल्याण सोडण्यापूर्वी त्या बाईने मला शहाडास बोलावले. जे खरे घडले त्याचा जबाब तिला साहेबाकडे पाठवावयाचा होता, आणि तो माझ्याच हातून लिहून हवा होता. मी म्हणालो, "दुसरा कोणी पाहा. माझ्या अक्षरावर आता कोण विश्वास ठेवील?"

"तुमीच लिवा," ती म्हणाली. "तुमी आता भेलेले हाव. भेलेला मानूस खोटं लिवत नाय."

झोपडीच्या अंगणात मी बसलो. नवरा उंबऱ्याशी टेकून बसला होता. ती एकेक वाक्य सांगे, मी लिही, आणि प्रत्येक वाक्य ती मला परत वाचावयास लावी. मी सवयीने आरंभी मेहेरबानांची थोरवी लिहिली होती, ती तिने ऐकली आणि म्हणाली, "ह्ये मी कुटं सांगितलं?" मी ती खोडली. बारा वर्षांत मी खोडलेली ती पहिली ओळ.

'यंत्र बंद होते' एवढे लिहून झाले असेल, तोच गिरणीकडून पहिला टोला आला. माझा हात जागच्या जागी थांबला. कठडा आहे, नियम आहे, ती माझ्यासमोर बसली आहे, हे सर्व ठाऊक असूनही मला पुढचे अक्षर काढवेना. पाहतो तो तीही थांबली होती, आणि नवऱ्याने तुटका हात छातीशी घट्ट धरला होता. दुसरा टोला. नदीवरून एक बगळा उडाला. आम्ही तिघेही वाट पाहत राहिलो.

तिसरा टोला पडला.

"झालं तीन," ती म्हणाली. "आता लिवा."

मी शेवटचे वाक्य लिहिले आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने बोरू घेतला आणि सहीच्या जागी सावकाश एक कांकण काढले.